जुना माउथ ऑर्गन संग्रहात आला आहे : तारीख, डाग आणि वाजवण्याचा मोह

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान संग्रहालयाला देणगीत जुन्या वस्तूंची पेटी मिळाली. तिच्यात पुठ्ठ्याच्या डबीत ठेवलेला दहा छिद्रांचा माउथ ऑर्गन निघाला. पत्र्यांची चमक गेली आहे, कडांना हिरवट डाग आहेत, वरच्या पत्र्यावर 'होनर', 'मरीन बँड' आणि १८९६ हा आकडा आहे. संग्रहालयाच्या मंडळींनी तीन गोष्टी ठरवत आणल्या आहेत : पाटीवर '१८९६' असं साल लिहायचं, डाग काढून वाद्य लखलखीत करायचं आणि दालन उघडेल त्या दिवशी एका वादकाकडून ते दोन मिनिटं वाजवून घ्यायचं. हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी पंचवीस वर्षं वाद्यांच्या संवर्धनाचं काम करते आणि त्यातली बरीच वर्षं फुंकून वाजणाऱ्या सुरांच्या वाद्यांत गेली आहेत. माझं उत्तर तिन्ही गोष्टींना नाही असं आहे. पण नुसत्या 'नाही'ने मंडळींचं समाधान होणार नाही, म्हणून कारणं नीट सांगते. शेवटी वाजवण्याची एक वाटही सांगते, कारण दालनात तो आवाज ऐकू यावा असं मलाही मनापासून वाटतं.

आधी सालाचं. १८९६ हा होनर या जर्मन कंपनीच्या 'मरीन बँड' या नमुन्याचा क्रमांक आहे. गोंधळ होतो याचं कारण हा नमुना बाजारात आला तोही १८९६ मध्येच. पण तोच क्रमांक पुढे दशकानुदशकं त्याच पत्र्यावर छापला गेला. १९५० च्या दशकातल्या वाद्यावरही तुम्हाला तो दिसेल. या एका आकड्यावरून चुकीच्या पाट्या लागलेल्या मी अनेक ठिकाणी पाहिल्या आहेत. पत्र्यावर उठवलेल्या पदकांचंही तसंच. पदकावर एखाद्या प्रदर्शनाचं साल असतं, ते फक्त एवढंच सांगतं की वाद्य त्या सालाच्या आधीचं नाही. मिळालेली पदकं कंपनी पुढची कितीतरी वर्षं मिरवते. तेव्हा सगळ्यांत उशिराचं पदक शोधा आणि तिथून पुढे मोजायला लागा.

खऱ्या खुणा लहान अक्षरांत असतात. देशाचं नाव पाहा. ब्रिटनने १८८७ मध्ये आणि अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव मागितलं, म्हणून निर्यातीच्या जर्मन वाद्यांवर ते नाव साधारण तेव्हापासून दिसू लागतं. 'डी.आर.जी.एम.' ही अक्षरं असतील तर वाद्य १८९१ च्या आधीचं नाही, कारण किरकोळ शोधांना संरक्षण देणारा तो जर्मन कायदाच त्या वर्षीचा. 'पश्चिम जर्मनी' असा उल्लेख १९४९ मध्ये देशाचे दोन भाग झाल्यानंतरचाच असणार. आणि होनरची ती प्रसिद्ध खूण नीट पाहा : दोन पंजांनी धरलेलं वर्तुळ. जुन्या मरीन बँडवर त्या वर्तुळात सहा टोकांचा तारा असतो. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, नाझी राजवटीत, तो तारा गेला. तुमच्या वाद्यावर तो असेल तर ते बहुतेक दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं आहे. तिरपा प्रकाश टाकून भिंगातून पाहा. झिजलेल्या पत्र्यावर नुसत्या डोळ्यांना जे दिसत नाही ते तिरप्या उजेडात उठून येतं.

होनरऐवजी दुसरं नाव असतं तर आणखी एका फसगतीपासून सावध केलं असतं, ते इथेच सांगून ठेवते, पेटीत आणखी वाद्यं निघाली तर उपयोगी पडेल. दक्षिण जर्मनीतल्या ट्रोसिंगेन गावात माथियास होनर या घड्याळजीने १८५७ मध्ये माउथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी त्याच्याकडून ६५० वाद्यं तयार झाली. त्याच गावात मेसनर, वाइस, कॉख हे प्रतिस्पर्धीही होते. १९२८-२९ मध्ये होनर कंपनीने या तिघांनाही विकत घेतलं, पण नावं चालू ठेवली. म्हणून 'कॉख' असं नाव दिसलं की वाद्य १९२९ पूर्वीचंच, हा निष्कर्ष चुकतो. पूर्वेकडे सॅक्सनीतल्या क्लिंगेनथाल गावाची परंपरा वेगळी. तिथला झायडल कारखाना १८४७ चा आहे आणि आजही माउथ ऑर्गन बनवतो.

या सगळ्यातून एकच साल हाती लागणार नाही, एक कालखंड लागेल. पाटीवर तोच लिहा. 'सुमारे १९१०–१९३५' असं प्रामाणिकपणे लिहिलेलं मला ठाम '१८९६' पेक्षा फार मोलाचं वाटतं. आणि वाद्याइतकंच त्या पुठ्ठ्याच्या डबीला जपा. डबीच्या आतल्या कागदावरची भाषा, विक्रेत्याची चिठ्ठी, कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं नाव, पट्टीचं अक्षर, तारखेचा अर्धा पुरावा तिथे असतो. मी पाहिलेल्या निम्म्या संग्रहांत वाद्य आहे आणि डबी 'खराब झाली म्हणून' टाकून दिलेली आहे.

आता आत काय आहे ते सांगते, कारण पुसायचं की नाही आणि वाजवायचं की नाही या दोन्हींचं उत्तर आतच आहे.

मध्ये लाकडाची फणी असते, या नमुन्यात पेअरच्या लाकडाची. तिच्या दातांमधल्या खोबणी म्हणजे ती दहा छिद्रं. फणीच्या वर आणि खाली पितळेची एकेक पट्टी बारीक चुकांनी, म्हणजे लहान खिळ्यांनी, ठोकलेली असते आणि प्रत्येक पट्टीवर दहा सूर, म्हणजे पितळेच्या पातळ जिभा, एका टोकाला रिव्हेटने बसवलेल्या असतात. बाजाच्या पेटीतल्या सुरांचीच ही धाकटी भावंडं. वरच्या पट्टीचे दहा सूर फणीच्या खोबणीत, आतल्या बाजूला असतात आणि फुंकल्यावर वाजतात. खालच्या पट्टीचे दहा बाहेरच्या बाजूला असतात आणि श्वास आत ओढल्यावर वाजतात. म्हणजे खालच्या पत्र्याच्या मागच्या फटीतून लहान टॉर्च आणि भिंग घेऊन पाहिलंत तर ओढीचे सूर काहीही न उघडता दिसतील. ते पाहा. वेळ काढून पाहा. या वाद्यातली सगळ्यांत मौल्यवान गोष्ट तिथे आहे.

सुरांवर बारीक आडवेतिडवे ओरखडे दिसतील. ते कानशीचे आहेत. जिभेची कंपनसंख्या तिच्या जाडीच्या प्रमाणात वाढते आणि लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. टोकाकडे घासलं की टोक हलकं होतं आणि सूर चढतो. मुळाकडे घासलं की ताठपणा कमी होतो आणि सूर उतरतो. कारखान्यात सूर लावणाऱ्या माणसाने, बहुतेकदा बाईने, कान देऊन एकेक जीभ अशी लावली आणि तिच्या हाताची खूण धातूवर राहिली. ओरखडे कुठे आहेत, किती खोल आहेत, एकाच हाताचे आहेत की नंतर कुणी दुसऱ्या कानशीने सूर बदलला आहे, हे सगळं वाचता येतं.

आणि ती काय लावत होती ते ऐका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले मरीन बँड आजच्या समान अंतराच्या सप्तकात लावलेले नसत. एकाच वेळी तीन-चार छिद्रं ओठांत घेऊन वाजवलं की स्वर एकमेकांत विरघळावेत, थरथर होऊ नये, असं ते लावलं जाई. 'सी' पट्टीच्या वाद्यात फुंकेचा गांधार आजच्या की-बोर्डवरच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला (की-बोर्डवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). तानपुरा नीट लागला की त्यातून आपोआप ऐकू येतो तोच हा गांधार. ओढीचा मध्यम तर याहून विलक्षण. ओढीच्या स्वरांत पंचम, निषाद, रिषभ आणि मध्यम एकत्र वाजतात आणि त्यांची मोट बांधायची म्हणून मध्यम पंचमाच्या सातव्या स्वयंभू स्वराशी, म्हणजे पंचमातूनच आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वराशी, जुळवला जाई. त्यामुळे तो एकटा वाजवला तर जवळजवळ ३० सेंट उतरलेला, चक्क बेसूर वाटतो, आणि चौघांत मिसळला की भरून येतो. आज एखाद्या दुरुस्त करणाऱ्याच्या हाती हे वाद्य गेलं तर तो पहिल्यांदा हाच मध्यम 'सुधारेल'. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी माणसांना कोणता मेळ गोड वाटत होता याचा जो धातूवर लिहिलेला पुरावा आहे, तो कानशीच्या चार फटक्यांत जाईल.

हे मी इतकं कळवळून सांगते कारण माझ्या हातून असंच एक वाद्य गेलं आहे. कामाची सुरुवातीची वर्षं होती. जिभांवर काळपट डाग होते आणि मला ते नको होते. अगदी मऊ घासणीने, भिंगाखाली, मन लावून मी ते काढले. जिभा सोन्यासारख्या दिसायला लागल्या. मग लक्षात आलं की कानशीचे ओरखडे पुसट झाले आहेत आणि वरच्या सप्तकातले सूर चढले आहेत, कारण उंच स्वरांच्या जिभा इतक्या लहान आणि पातळ असतात की टोकाचा काही मायक्रॉनचा थरही त्यांना पुरतो. आधीची मोजमापं मी घेतलेली नव्हती. ते वाद्य मूळ कसं लागलेलं होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून चकचकीत करण्याचा विचार सोडा. बाहेरच्या पत्र्यांवर निकेलचा पातळ मुलामा आहे, पॉलिशने तो झिजतो आणि खालचं पितळ उघडं पडतं. बाजारातल्या अनेक पितळ-पॉलिशांत अमोनिया असतो, त्याचा धोका वेगळाच. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात ठेवल्या जागी तडकत. ती घोड्यांच्या तबेल्यांत साठवलेली असत आणि जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया ओल्या हवेत ताणलेल्या पितळेला फोडत असे. याचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला. माउथ ऑर्गनची जीभही लाटून कडक केलेल्या, आतून ताण असलेल्या पितळेचीच असते. तिच्या शेजारी अमोनिया नेऊ नका.

हिरव्या डागांत दोन जाती आहेत, त्या ओळखायला हव्यात. मेणासारखा चिकट, गडद हिरवा थर लाकडाच्या किंवा अस्तराच्या कडेला असेल तर तो तेलकटपणातल्या आम्लांनी आणलेला कळंक आहे. दिसायला वाईट, पण घाई करण्यासारखा नाही. फिकट हिरवी, भुकटीसारखी, टोकरलं की गळणारी फुलं असतील तर क्लोराइडमुळे धातू आतून खाल्ला जातो आहे, आणि ते क्षार बहुधा थुंकीतून आणि घामातून आलेले असतात. तसं दिसलं तर वाद्य कोरड्या जागी, सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात वेगळं ठेवा आणि धातूच्या संवर्धकाला दाखवा. चुकांवर तांबूस गंज असणारच, त्या लोखंडी असतात. त्या उपटून पट्ट्या मोकळ्या करायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक चूक आपापल्या भोकात शंभर वर्षं बसलेली आहे, एकदा काढली की ते लाकूड तिला पुन्हा तसं धरत नाही.

तुम्ही स्वतः करावं असं फक्त एवढंच : नायट्राइल हातमोजे घालायचे, मऊ कुंचल्याने पत्र्यांवरची सुटी धूळ झटकत अगदी कमी जोराच्या व्हॅक्यूमच्या तोंडाशी न्यायची, तोंडावर जाळी बांधलेली असावी. छिद्रांच्या आत काही घालू नका. आत तंबाखूचा कण, लोकरीचा धागा, वाळलेली लाळ असू शकते, आणि वाद्य कुणाचं होतं हे कळलं तर ती घाण म्हणजेच त्या माणसाचा मागमूस असतो.

वाजवण्याबद्दल. उच्छ्वासाची हवा साधारण ३४ अंश सेल्सियसची आणि बाष्पाने जवळपास भरलेली असते. ती थंड पितळेवर गेली की दव धरतं. लाकडाची फणी ते पाणी पिते आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. वादकांना हे ठाऊक असतं, जुन्या मरीन बँडचे फुगलेले दात ओठांना बोचतात. वापरातल्या वाद्याला ते चालतं. दशकानुदशकं सुकत पडलेल्या फणीला मात्र दोन मिनिटांची ओल आणि नंतरचं सुकणं चिरायला पुरे होतं. शिवाय गंजाने आधीच पातळ झालेली जीभ कंप पावताना मुळाशी तुटते. तुटली की तिथे नवी बसवता येते, जुनी परत येत नाही.

वादकाचाही विचार करा, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. एकोणिसाव्या शतकापासून विसाव्याच्या मध्यापर्यंत संग्रहांतल्या लोकरी, कातडी, लाकडी वस्तूंना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक आणि पाऱ्याचे क्षार लावत. देणगीची पेटी आधी कुठे होती, कशाशेजारी होती हे तुम्हाला माहीत नाही. काही मोठ्या सुरांच्या टोकाला वजनासाठी शिशाचा डाकही लावलेला असतो. असं वाद्य कुणाच्याही ओठांना लावायला देऊ नका, मग तो कितीही मोठा कलाकार असो. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची वाद्यांसाठी वेगळी समिती आहे, सिमसिम नावाची. सार्वजनिक संग्रहांतली वाद्यं कुणाला, कशी हाताळू द्यायची याच्या शिफारशी तिने १९८५ मध्येच काढल्या आहेत. मंडळी ऐकत नसतील तर त्या शिफारशी बैठकीत पुढे ठेवा. माझ्या शब्दापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल.

ठेवण्याबद्दल थोडक्यात. लाकूड आणि धातू एकत्र असल्यामुळे सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर असावी. काचेची पेटी ओक लाकडाची असेल तर त्यातून असेटिक आम्लाची वाफ निघत राहते, लोकरी फेल्टातून गंधकाचे वायू, पीव्हीसीतून क्लोरीनचं आम्ल. हे तिन्ही टाळा. मांडणीचं सामान पारखायला ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांची चाचणी आहे : सामानाचा तुकडा चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्यांबरोबर ओल्या हवेत, ६० अंशांवर, २८ दिवस बंद ठेवायचा आणि पट्ट्या कशा होतात ते पाहायचं. पांढरा पॉलिथिलीन फोम आणि आम्लरहित कागद यांनी सहसा काम भागतं. डबी वाद्याखाली ठेवू नका, शेजारी ठेवा, नोंदणी क्रमांक एकच द्या. आणि पेटीतल्या दुसऱ्या एखाद्या वाद्याचं आवरण किंवा केसांचे कंगवे, फण्या सेल्युलॉइडच्या (जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) असतील, कापरासारखा वास येत असेल, तर त्या वस्तू ताबडतोब वेगळ्या खोलीत न्या. सेल्युलॉइड जुनं झालं की नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सोडतं आणि शेजारच्या धातूला खातं. ते भयंकर ज्वालाग्राहीही आहे.

आता मंडळींच्या मूळ इच्छेकडे येते. दालनात आवाज हवा ना? तो मिळेल. संवर्धकाकडून ओढीच्या सुरांपैकी जे धडधाकट आहेत ते पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने किंचित उचलून सोडून घ्या आणि आवाज संवेदनशील मायक्रोफोनवर नोंदवा. छेडलेला सूर आणि फुंकलेला सूर यांच्यात थोडा फरक असतो, पण जिभांमधली आपसातली अंतरं त्यावरून बऱ्यापैकी कळतात. फुंकेचे सूर आत असल्याने बाहेरून पोचता येणार नाही. त्यांच्यासाठी खोबणीचं आणि जिभांच्या लांबीचं एक्स-रे छायाचित्र मदत करतं. मग त्याच नमुन्याचं नवं वाद्य घ्या, मरीन बँड आजही बनतो, आणि ज्याला कानशीचं काम येतं अशा माणसाकडून ते या मोजमापांवर लावून घ्या. गांधार १४ सेंट उतरवा, तो विचित्र मध्यम तसाच ठेवा. उद्घाटनाला वादक हे नवं वाद्य वाजवील, काचेमागे जुनं असेल. आधी आजच्या पद्धतीने लावलेल्या वाद्यावर आणि मग या वाद्यावर तोच मेळ वाजवायला सांगा. संगीत न शिकलेल्या माणसालाही दोन्हींतला फरक ऐकू येतो, मी हे श्रोत्यांपुढे करून पाहिलं आहे.

कुणी म्हणेल, वाजत नसलेलं साधं कारखान्याचं वाद्य कोण पाहायला येणार? वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात होनरचंच 'लिटल लेडी' नावाचं चार छिद्रांचं वाद्य आहे, लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, खेळण्यात जमा व्हावं असं. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६ यानात अमेरिकी अंतराळवीर वॉली शिरा यांनी ते वाजवलं आणि पृथ्वीवर ऐकू आलं. त्याची किंमत धातूत नाही, ते कुणी, कुठे, कधी वाजवलं याची पक्की नोंद आहे, त्यात आहे. तुमच्या वाद्याची अशी नोंद अजून झालेली नाही. देणगीदाराच्या घरी फोन करा. वाद्य कुणाचं होतं, कोण वाजवायचं, कुठून आणलं, डबीवरचं पेन्सिलीतलं नाव कुणाचं, हे विचारा आणि ते सांगतील तसं त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून नोंदवहीत उतरवा. मागच्या पिढीतलं कुणी हयात असेल तर हे काम साफसफाईच्याही आधी, याच आठवड्यात करा.